नववीत गेलं की खिचडी बंद

(किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : ‘किशोरवयीनांच्या आरोग्यविषयक सवयी आणि त्यांची शालेय प्रगती’. विषय महत्त्वाचा आहे. पण त्यातल्या एका शब्दाशी माझं भांडण आहे. तो शब्द म्हणजे ‘सवयी’. हे भांडण खरं तर माझं माझ्याशीच आहे, कारण हा शब्द मी स्वतः बरीच वर्षं वापरला, रजिस्टरांत लिहिला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ती गोष्ट आधी सांगते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी सोलापूरकडच्या, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या एका तालुक्यात काम करू लागले. माध्यमिक शाळांमध्ये जायचं आणि मुलामुलींना आरोग्यशिक्षण द्यायचं, असं ते काम. माझ्याकडे तक्त्यांची एक गुंडाळी असायची. एका तक्त्यावर दूध, अंडी, फळं, पालेभाज्या. दुसऱ्यावर नखं कापणारा मुलगा. तिसऱ्यावर सकाळी उठून व्यायाम करणारी, दोन वेण्या घातलेली, गुटगुटीत मुलगी. तक्ते भिंतीला लावून मी विचारायची, ‘सकाळी न्याहारी करून कोण कोण येतं?’ मुलांचे हात भराभर वर व्हायचे. मुलींचे थोडेच, तेही शेजारणीकडे बघत बघत. मग मी न्याहारीचं महत्त्व सांगायची. मुली माना डोलवायच्या. मी समाधानाने घरी जायची.

२०२२ च्या पावसाळ्यात अशाच एका शाळेत परिपाठ चालू असताना नववीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. दोघी-तिघींनी तिला उचलून वर्गात नेलं, तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी साखर आणली. तिचे शिक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘मॅडम, यांना सकाळी खायची सवयच नाही. तुम्हीच सांगा यांना.’ पुढे म्हणाले, ‘आठवीपर्यंत चांगली हुशार होती ही. नववीत काय झालं कुणास ठाऊक. वर्गात पेंगते. गणितात तर पार मागे पडली. वयात आल्या की लक्ष उडतं यांचं.’

मी माझ्या रजिस्टरात लिहिलं : ‘न्याहारीची सवय नाही. समुपदेशन केलं.’

त्या दिवशी संध्याकाळची गाडी चुकली म्हणून, केवळ म्हणूनच, मी तिच्या वस्तीवर मुक्कामाला गेले. वस्ती गावापासून तीनेक किलोमीटरवर. तिच्या आईने मला आग्रहाने ठेवून घेतलं. त्या एका रात्रीत आणि दुसऱ्या सकाळी मी जे पाहिलं, ते मला माझ्या तक्त्यांवर कुठेच दिसलं नव्हतं.

मुलगी पहाटे साडेचारला उठली. आधी पाणी. मग म्हशीखालचं शेण. मग चूल. आईला साडेसातला खुरपणीला जायचं होतं, म्हणून आईने पीठ मळून द्यायचं आणि मुलीने भाकऱ्या थापायच्या, अशी त्यांची वाटणी. बारा-तेरा भाकऱ्या झाल्या. वडील जेवले, अकरावीतला भाऊ जेवून डबा घेऊन एस.टी.ला गेला. आई एका फडक्यात भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून निघाली. मग मुलीने भांडी घासली, धाकट्या बहिणीची वेणी घातली, तिला तयार केलं. सव्वानऊला तिचं दप्तर भरून झालं, तेव्हा टोपल्यात दोन भाकऱ्या होत्या आणि कालवणाचं पातेलं पुसून स्वच्छ होतं. तिने उभ्याउभ्या कपभर चहा घेतला आणि निघाली. मी विचारलं, ‘अगं, खात का नाहीस?’ ती म्हणाली, ‘आता कुठं वेळ हाय ताई. चहा घेतला की भूक लागत न्हाई.’

मी आदल्या रात्री तिच्या आईशी बोलले होते. मुलगी उपाशी शाळेत जाते हे त्या माउलीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिने जे उत्तर दिलं ते ऐकून मी गप्प झाले. ती म्हणाली, ‘आठवीपर्यंत शाळेतच जेवायची की ओ. दुपारची खिचडी मिळायची. नववीत गेली आन खिचडी बंद झाली. आमच्या ध्यानातच आलं न्हाई, की आता हिला घरून काय तरी द्यायला पायजे.’

बाईंनो, शिक्षक ज्याला ‘वयात आल्यावर लक्ष उडणं’ म्हणत होते, त्याचा एक मोठा भाग त्या वाक्यात होता. शाळेतलं दुपारचं जेवण हेच त्या मुलीचं दिवसातलं पहिलं जेवण होतं. ते जूनमध्ये बंद झालं. घरातलं काम मात्र बंद झालं नाही, उलट मोठी झाली म्हणून वाढलं. आता तिचं पहिलं पोटभर जेवण रात्री साडेनऊला, आईबरोबर, सगळ्यांचं झाल्यावर. म्हणजे जवळजवळ चोवीस तासांत एकदा.

मग ही सवय आहे का? सवय तिला म्हणतात जी आपण लावून घेतो आणि मनात आणलं तर मोडू शकतो. या मुलीने न खाण्याची सवय लावून घेतली नव्हती. तिच्या दिवसात जेवणाला जागाच ठेवलेली नव्हती. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत असं आढळलं की घरकाम करणाऱ्या स्त्रिया व मुली दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोलाचं घरकाम करतात आणि पुरुष व मुलगे ९७ मिनिटं. या पाहणीत सहा वर्षांपासूनच्या सगळ्यांचा समावेश होता. आपण या दोन आकड्यांतल्या फरकाकडे बायकांचा प्रश्न म्हणून बघतो. पण तो फरक नववी-दहावीच्या मुलीच्या वेळापत्रकातूनही कापला जातो. त्यातून आधी जातं खाणं, मग झोप, मग अभ्यास. आणि शेवटी गुणपत्रिकेवर जे दिसतं त्याला आपण ‘तिची प्रगती’ म्हणतो!

आता शरीराकडे येऊ. ज्या वयाबद्दल आपण बोलतो आहोत त्या वयात उंची झपाट्याने वाढते, रक्ताचं प्रमाण वाढतं, म्हणून मुलगा असो की मुलगी, लोहाची गरज वाढते. मुलींची पाळी सुरू होते, म्हणजे दर महिन्याला रक्त जातं. गरज वाढलेली आणि ताटात सगळ्यांत शेवटचं उरलेलं. परिणाम काय व्हायचा तो होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के होतं. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत मुलींचा आकडा ५४.१ होता. म्हणजे तो कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

रक्तक्षय म्हटलं की आपण बाळंतपणाचा विचार करतो. ‘उद्या ही आई होणार आहे, हिचं रक्त वाढलं पाहिजे’ असं सरकारी पत्रकांतही असतं. मला त्याचा फार राग येतो. ती उद्या आई होईल की नाही ते पुढचं पुढे. ती आज विद्यार्थिनी आहे, आणि रक्त कमी असल्याचा पहिला फटका तिच्या डोक्याला बसतो. लोह नुसतं रक्तासाठी लागत नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पोचवतात त्यासाठी जी रसायनं लागतात, ती तयार व्हायलाही लोह लागतं. ते कमी पडलं की दम लागतो, पाय दुखतात, हे आपल्याला दिसतं. लक्ष टिकत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, हे दिसत नाही. त्याला आपण ‘ढ’ म्हणतो किंवा ‘आळशी’ म्हणतो.

कुणी म्हणेल, गरीब घरातल्या मुलींचं रक्तही कमी आणि गुणही कमी, मग एकामुळे दुसरं होतं कशावरून? दोन्ही गरिबीमुळेच होत असेल. शंका रास्त आहे, आणि आपण कार्यकर्त्यांनी ती स्वतःला विचारायलाच हवी. म्हणून दोन अभ्यासांचा उल्लेख करते. वडोदऱ्यात शुभदा कनानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींचा अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. रक्तक्षय असलेल्या मुली शारीरिक क्षमतेच्या चाचणीत तर मागे होत्याच, पण स्मरण आणि एकाग्रता तपासणाऱ्या चाचण्यांतही मागे होत्या. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातला, १९९६ साली प्रसिद्ध झालेला. तिथे अशा शाळकरी मुली निवडल्या ज्यांच्या शरीरात लोह कमी होतं, पण रक्तक्षय झालेला नव्हता. काहींना आठ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या, काहींना दिसायला तशाच पण लोह नसलेल्या. कुणाला कोणत्या मिळतात हे त्यांना सांगितलं नव्हतं. आठ आठवड्यांनी, ज्यांना लोह मिळालं त्या मुली शब्द पाठ करण्याच्या आणि आठवण्याच्या चाचणीत पुढे गेल्या. दोन्ही गटांतल्या मुलींची घरची परिस्थिती काही आठ आठवड्यांत बदलली नव्हती. बदललं होतं ते फक्त अंगातलं लोह.

मग तुम्ही म्हणाल, आपल्याकडे गोळ्या तर मिळतातच. मिळतात. दर आठवड्याला एक निळी गोळी, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी, अशी योजना दहा-बारा वर्षांपासून शाळांमधून चालू आहे. आमच्या तालुक्यात गोळी सोमवारी देतात. आणि सोमवारी शाळेमागच्या गटाराजवळ गेलं तर तिथे निळ्या गोळ्या पडलेल्या दिसतात. मी पूर्वी हेही रजिस्टरात लिहिलं होतं : ‘गोळी खाण्याबाबत उदासीनता.’ मुलींशी बोलल्यावर दोन कारणं कळली. एक, कुणीतरी उठवलेली अफवा, की ही गोळी खाल्ली की पुढे मूल होत नाही. ती अफवा आशाताईंच्या मदतीने खोडून काढता आली. दुसरं कारण साधं होतं. गोळी खाल्ली की मळमळतं. का मळमळतं? कारण लोहाची गोळी उपाशीपोटी बऱ्याच जणींना सोसत नाही, ती जेवल्यावर घ्यायची असते. आठवीपर्यंतच्या मुली खिचडी खाऊन गोळी घेतात. नववी-दहावीच्या मुलींना खिचडी नाही. त्यांना गोळी मिळते ती रिकाम्या पोटी!

एका योजनेने जेवण काढून घेतलं आणि दुसरीने गोळी हातावर ठेवली. दोन्ही योजना आपापल्या कागदावर बरोबर आहेत. चूक ठरते ती मुलगी, कारण तिने गोळी गटारात टाकली.

हे आठवीचं कुंपण आलं कुठून? केंद्राची माध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा ती प्राथमिक वर्गांसाठी होती. २००७-०८ पासून ती टप्प्याटप्प्याने आठवीपर्यंत आली. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदाही ६ ते १४ वर्षांपुरताच आहे. म्हणून सगळं आठवीपाशी थांबतं. २०२१ मध्ये योजनेचं नाव बदललं, ‘पीएम पोषण’ झालं, पण कुंपण तिथेच राहिलं. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं या योजनेचं माप आहे. मला सांगा, नववीत गेल्या दिवशी मुलीच्या शरीराला या ७०० कॅलरींची गरज संपते का? उलट तिचं वाढीचं वय तेव्हाच ऐन भरात असतं आणि दहावीची परीक्षा तोंडावर असते.

आणि हे अशक्य आहे असंही नाही. आमच्या तालुक्यातून ओढा ओलांडला की कर्नाटक लागतं. तिथे राज्य सरकारने स्वतःचे पैसे घालून दहावीपर्यंत जेवण दिलं आहे. तमिळनाडूतही ते दहावीपर्यंत आहे. आमच्या वस्तीवरच्या काही मुलींच्या मामेबहिणी पलीकडच्या शाळांत शिकतात. दिवाळीत भेटल्या की एकमेकींना विचारतात, ‘तुमच्यात नववीला भात देतेत?’ धोरण म्हणजे काय हे या मुलींना आपल्याआधी कळलेलं आहे.

आता पाण्याबद्दल थोडं. थोडंच बोलते, कारण इथे बसलेल्या प्रत्येकीला हा अनुभव आहे. आपण प्रवासाला निघताना पाणी का पीत नाही? त्याच कारणासाठी मुली शाळेत पाणी पीत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बंधनकारक केलं आहे. २०१४ नंतर मोहीम काढून ती बांधलीही गेली. आमच्या शाळेतही ते होतं. पण त्याला कुलूप होतं आणि किल्ली होती कार्यालयात, पुरुष कारकुनाच्या टेबलाच्या खणात. चौदा वर्षांच्या मुलीने जाऊन, सरांसमोर, ‘किल्ली द्या’ म्हणायचं! आत पाणी नाही ते वेगळंच. मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी दाबून धरत. त्यातून जळजळ, ताप, डोकेदुखी. पाळीत तर महिन्याचे दोन-तीन दिवस घरीच. हजेरीपटावर फक्त ‘गैरहजर’ एवढंच उमटतं. मी हिशेब केला : महिन्याला दोन दिवस धरले तरी शाळेच्या दहा महिन्यांत वीस दिवस होतात. वीस दिवसांत बीजगणिताचा अख्खा धडा निघून जातो, आणि पुढचा धडा त्याच्यावरच उभा असतो.

झोपेचीही तीच गत. १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. या वयात शरीराचं घड्याळच थोडं पुढे सरकतं, रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी उशिरा जाग येते. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. आमची ती मुलगी रात्री अकराला झोपायची आणि साडेचारला उठायची. साडेपाच तास. घरात अभ्यासाला तिच्या हक्काची वेळ एकच, सगळे निजल्यानंतरची. म्हणजे तिचा अभ्यास हा तिच्या झोपेतून चोरलेला असतो, आणि मग शाळेत पेंगते म्हणून बोलणी बसतात. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा निर्णय काढला, कारण लहान मुलांची झोप पुरी होत नाही. चांगलं झालं. पण मोठ्या मुलींचं काय? त्यांची शाळा साडेदहाला भरली तरी त्यांचा दिवस साडेचारलाच सुरू होतो. शाळेची घंटा मागेपुढे करून हा प्रश्न सुटणार नाही, कारण ही घंटा घरात वाजते.

मुलग्यांचा प्रश्न नाही असं माझं म्हणणं नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी आठवी-नववीतल्या मुलांच्या खिशात पुडी सापडते. रात्री उशिरापर्यंत मोबाइल असतो. त्यांचेही गुण घसरतात. पण फरक बघा. मुलाची झोप मोबाइलमुळे गेली तर घरातले त्याला रागावतात, त्याच्यासाठी शिकवणी लावतात, पुन्हा एकदा परीक्षेला बसवतात. मुलीची झोप भाकऱ्या थापण्यात गेली तर त्याला वळण म्हणतात. आणि ती नापास झाली तर तिला दुसरी संधी मिळत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. ती मुलगी २०२४ च्या मार्चमध्ये दहावीला बसली. गणित आणि विज्ञान राहिलं. जुलैची पुरवणी परीक्षा होती. मी फॉर्म भरण्याबद्दल बोलायला वस्तीवर गेले, तेव्हा ती घरी नव्हती. मामाच्या गावी नेऊन तिचं लग्न उरकलं होतं. अठरा पुरे व्हायला अजून दीड वर्ष होतं. आई माझ्या नजरेला नजर देईना. वडील म्हणाले, ‘पास झाली असती तर शिकवलीच असती की ताई. डोकंच चाललं न्हाई तिचं, तर काय करायचं?’

महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती, असं त्याच कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदवलं. पाचांत एक. यामागे कारणं पुष्कळ आहेत, हुंडा, असुरक्षितता, ऊसतोडीचं स्थलांतर. पण गावात विचारा, ‘शाळा का सोडवली?’ तर एक उत्तर हमखास येतं : नापास झाली. म्हणून मी म्हणते, न्याहारी, झोप, लोहाची गोळी या बारीकसारीक गोष्टी नाहीत. खाल्लं नाही म्हणून लक्ष लागलं नाही, लक्ष लागलं नाही म्हणून नापास, नापास म्हणून लग्न, आणि लग्नानंतर अंगात रक्त नसताना बाळंतपण. ही एक साखळी आहे. तिची पहिली कडी मी २०२२ मध्ये डोळ्यांनी पाहिली होती आणि रजिस्टरात लिहिलं होतं, ‘सवय नाही’. तिची रक्ततपासणी तरी मी ताबडतोब करून घ्यायला हवी होती. केली ती सहा महिन्यांनी, शिबीर आलं तेव्हा. हिमोग्लोबीन आठच्या खाली होतं. बारा हवं. तोवर नववी संपत आली होती.

त्यानंतर आम्ही त्या गावात काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही.

बचत गटाच्या बैठकीत आम्ही आयांशी बोललो. मी ठरवून गेले होते की आयांना उपदेश करायचा नाही. सगळ्यांच्या मागून जेवणारी, भाकरी पाण्यात कुस्करून खाणारी बाई तिच्या मुलीला निराळं काय शिकवणार? आम्ही जमिनीवर खडूने एक दिवस आखला, पहाटे चार ते रात्री अकरा. त्यात मुलीची कामं लिहिली, शेजारी मुलाची लिहिली. मुलाच्या बाजूला खूप जागा मोकळी राहिली. बायका आधी हसल्या. मग एक जण म्हणाली, ‘पाणी काय, पोरगापण आणू शकतो.’ दुसरी म्हणाली, ‘त्याचा बाप आणू देईल व्हय?’ पुढचा तासभर भांडणच झालं. पण त्या भांडणातून सात-आठ घरांत पाण्याचं काम मुलांकडे गेलं. त्यातल्या दोन घरांत ते महिनाभरात परत मुलीकडे आलं, हेही सांगायला हवं.

दुसरं, डबा. मुली म्हणायच्या, कोरडी भाकरी-चटणी सगळ्यांसमोर काढायची लाज वाटते. म्हणून नववी-दहावीच्या मुलींनी एकत्र बसून खायचं ठरवलं. भाकरी, शेंगांची चटणी, कधी मोड आलेली मटकी, गूळ. विकतचं काही नाही. चहा जेवणाला लागून घ्यायचा नाही, कारण त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू, पेरू, आवळा मिळाला तर बरोबर खायचा, त्याने लागतं. हे सगळं मी पूर्वीही तक्त्यावर दाखवायची. पण खायला वेळ आणि बसायला जागा मिळाल्यावर त्याचा उपयोग झाला.

तिसरं, मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या सोमवारच्या गोळीची वेळ मधल्या सुट्टीनंतर केली. गटाराजवळच्या गोळ्या कमी झाल्या. चौथं, किल्ली. ती आता मुलींकडे असते, वर्गाप्रमाणे पाळी लावून. पाण्याच्या टाकीसाठी ग्रामपंचायतीच्या महिला-बालकल्याणाच्या दहा टक्के निधीची मागणी ग्रामसभेत केली. दोनदा टाळली गेली, तिसऱ्या वेळी साठ बायका बसून राहिल्या तेव्हा ठराव झाला.

याने मुलींचे गुण वाढले का? दोन वर्षांत तसा दावा मी करणार नाही. परिपाठाला चक्कर येऊन पडणं कमी झालं, सोमवारची हजेरी सुधारली, एवढं शिक्षक स्वतःहून सांगतात.

पण मैत्रिणींनो, डबा आणि किल्ली हे गावात सुटतं, खिचडी गावात सुटत नाही. त्यासाठी आपल्याला मुंबईपर्यंत आवाज पोचवावा लागेल. माझी या शिबिराला विनंती आहे की दोन गोष्टी इथून उचला. एक, दुपारचं जेवण दहावीपर्यंत मिळालंच पाहिजे, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावात आणा. शेजारचं राज्य देतं, मग आपण का नाही, हे विचारा. दोन, तुमच्या भागातल्या माध्यमिक शाळेत जाऊन नववीच्या मुलींना विचारा, ‘आज शेवटचं कधी जेवलीस?’ ‘न्याहारी करतेस का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर त्या तुम्हाला हवं तेच देतील. आणि तुमच्या रजिस्टरात ‘सवय नाही’ असं लिहायची वेळ आली, तर हात थांबवा आणि आधी तिच्या घरी जाऊन तिचा एक दिवस बघा.

त्या मुलीची धाकटी बहीण, जिची वेणी घालताना मी त्या सकाळी पाहिलं होतं, ती आता आठवीत आहे. वर्गात दुसरी आली. आता घरातल्या भाकऱ्या तीच थापते, कारण थोरली गेली. परवा मला भेटली तेव्हा म्हणाली, ‘ताई, मी नववीत गेले की मलाबी खिचडी बंद का?’

मी तिला म्हटलं, ‘बघू.’ जूनला फार दिवस राहिलेले नाहीत. तोवर तिच्या डब्याची सोय आम्ही करू. पण तिने विचारलेल्या प्रश्नाला ‘बघू’ हे उत्तर पुरेसं नाही. तिला खरं उत्तर द्यायची जबाबदारी मी आज तुमच्यापुढे ठेवते आहे.